रांग कुठे उभी आहे?

संगणकाचे काही दोष आपण होऊन फिर्याद घेऊन येतात. प्रणालीचा गाभा, ज्याला या विद्येतले लोक कर्नल म्हणतात, एखाद्या अशक्य अवस्थेत सापडला की तो जागच्या जागी थांबतो, आपली शेवटची स्थिती पडद्यावर लिहून ठेवतो आणि तपास करणाऱ्याला निदान घटनास्थळ तरी दाखवून देतो. परंतु ज्या दोषांविषयी या प्रकरणात लिहावयाचे आहे ते या जातीचे नव्हेत. कोणत्या पॅकेटने केव्हा आणि किती वेगाने बाहेर पडावे हे ठरविण्याचे काम कर्नलमधील ज्या विभागाकडे असते, त्या विभागाच्या हातून कसूर झाली तर काहीच कोसळत नाही. हुकूम मान्य झालेला असतो, नोंदवहीत त्रुटीचा शेरा नसतो, आकडे नित्याप्रमाणे वाढत असतात, आणि तरीही पलीकडच्या खोलीत इंटरनेटवरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज वाक्यावाक्याला तुटत असतो. तक्रार आहे पण गुन्ह्याची खूण नाही, अशा या प्रकरणांचा तपास कसा करतात, हे समजून घेण्यासाठी आधी त्या विभागाचा कारभार कसा चालतो ते पाहिले पाहिजे.

लिनक्स या प्रणालीचे उदाहरण घेणे सोयीचे आहे, कारण तिच्या कर्नलची संहिता सर्वांना खुली आहे आणि तीत गेल्या पुष्कळ वर्षांत झालेला प्रत्येक बदल, तो करणाऱ्याच्या स्पष्टीकरणासह, कायमचा दप्तरी दाखल आहे. या प्रणालीतील रहदारी-नियंत्रणाचा मूळ आराखडा अलेक्सेई कुझ्नेत्सोव्ह या रशियन अभियंत्याने रचला, आणि १९९९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या २.२ या आवृत्तीबरोबर तो सर्वांच्या हाती आला. एखाद्या कार्यक्रमाने पाठविलेला मजकूर प्रथम लहान लहान पॅकेटांत विभागला जातो, प्रत्येक पॅकेटावर पत्ता चढविला जातो, आणि जालाच्या कार्डाकडे सोपविण्यापूर्वी त्याला एका रांगेत उभे केले जाते. या रांगेच्या शिस्तीला क्यूडिस्क असे नाव आहे. ती शिस्त ‘जो आधी आला तो आधी जाईल’ इतकी साधी असू शकते, किंवा पॅकेटांची छाननी करून त्यांचे निरनिराळे वर्ग पाडणारी आणि प्रत्येक वर्गाला वेगळा हक्क देणारी, अशी गुंतागुंतीचीही असू शकते. हे सारे ठरविण्याची आज्ञा ‘टीसी’ या दोन अक्षरांनी सुरू होते.

वर्ग पाडण्याच्या पद्धतींपैकी सर्वाधिक वापरात राहिलेली एचटीबी ही पद्धत मार्टिन देवेरा या चेक अभियंत्याची; ती २००२ साली २.४.२० या आवृत्तीत कर्नलमध्ये रुजू झाली. पाटाच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे त्यांना तिचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. पाटकरी पाणी निर्माण करीत नाही. तो फक्त पाळी सांभाळतो, आणि एखाद्या शेताने आपली पाळी वापरली नाही तर ते पाणी शेजाऱ्याला किती द्यावयाचे ते ठरवितो. एचटीबीमध्ये प्रत्येक वर्गाच्या खात्यात ठरलेल्या गतीने टोकने जमा होत राहतात; पॅकेटाचा आकार जितका असेल तितकी टोकने खर्ची पडली म्हणजे ते बाहेर पडते; शिल्लक एका मर्यादेपर्यंतच साठविता येते, आणि स्वतःची शिल्लक संपली तर वरच्या वर्गाकडून उसनवारी करता येते, पण तीही ठरवून दिलेल्या कमाल वेगाच्या पलीकडे नाही. तात्पर्य, हा सारा जमाखर्चाचा व्यवहार आहे. आणि जमाखर्चात होऊ शकणाऱ्या सर्व चुका, नाण्याची गफलत, नोंद न होणे, घड्याळ मागे पडणे, दोन कारकुनांनी एकाच वेळी एकाच वहीत हात घालणे, या येथेही होतात.

मात्र या सर्व चुकांच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि माझ्या मते अनुभवी तपासनीस आणि नवखा यांच्यातील अंतर या एकाच प्रश्नाने मोजता येते: रांग कुठे उभी आहे? पाटकऱ्याचा अधिकार पाणी त्याच्या दारापाशी अडले असेल तरच चालतो. एका लहान कार्यालयाची कल्पना करा. बाहेर जाणाऱ्या तारेचा वेग सेकंदाला दहा मेगाबिट आहे; कार्यालयातील राउटर आणि भिंतीवरील मोडेम यांना जोडणारी केबल मात्र हजार मेगाबिटांची आहे. राउटरमध्ये लिनक्स आहे, वर्ग पाडलेले आहेत, दूरध्वनीच्या संभाषणाला अग्रक्रम दिलेला आहे, आणि एकंदर मर्यादा मोठ्या प्रामाणिकपणे दहा मेगाबिटच ठेवलेली आहे. परिणाम असा होतो की राउटर आपल्या हिशेबाने बरोबर दहा मेगाबिट सोडतो, तारेवरील वेष्टनाचा खर्च धरला म्हणजे ते दहाहून थोडे अधिक भरतात, आणि तो थोडासा अतिरेक क्षणाक्षणाला मोडेमच्या पोटात साठत जातो. रांग आता राउटरमध्ये नाही, मोडेममध्ये आहे, आणि मोडेमला अग्रक्रम वगैरे काही ठाऊक नाही. अशा वेळी राउटरच्या क्यूडिस्कचा तपशील मागविला तर त्यात ‘बॅकलॉग’ या शब्दापुढे शून्य दिसते, किंवा शून्याच्या आसपास घुटमळणारा एखादा आकडा. नवखा माणूस ते शून्य पाहून समाधान पावतो. वास्तविक तोच पुरावा आहे: तार तुडुंब भरलेली असताना, पिंगचे, म्हणजे पलीकडच्या यंत्राला घातलेल्या हाकेचे, उत्तर यायला पाऊण सेकंद लागत असताना, ज्या दारावर रांगच नाही त्या दारावरचा पहारा निरुपयोगी आहे. मर्यादा तारेच्या खऱ्या वेगाहून थोडी कमी केली की रांग उचलून राउटरमध्ये येते, बॅकलॉगचा आकडा वाढतो, आणि आवाज तुटायचा थांबतो. थोडा वेग सोडून दिल्याखेरीज रांगेवरचा ताबा मिळत नाही, हे प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही. ज्याने एकदा मोजून पाहिले त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

रांग भलत्या ठिकाणी सरकण्याचे एक कारण तर आज्ञेच्या शब्दांतच दडलेले आहे. जगभर ‘केबीपीएस’ ही अक्षरे सेकंदाला हजार बिट या अर्थाने लिहिली जातात. टीसीच्या भाषेत मात्र त्यांचा अर्थ सेकंदाला हजार बाइट असा आहे, आणि बिट अभिप्रेत असतील तर ‘केबिट’ लिहावे लागते. एका बाइटात आठ बिट. सबब दोन मेगाबिटांची मर्यादा घालावयास निघालेला माणूस अक्षरांच्या या फरकाने सोळा मेगाबिटांची मर्यादा घालून बसतो, आणि तार दहाचीच असल्यास त्या मर्यादेचा अंमल कधीच होत नाही. हा अर्थ माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेला आहे. तरीही ज्याच्या हातून ही चूक झाली त्याला मी दोष देणार नाही. सर्वत्र रूढ असलेल्या नावाला एकाच दरबारात वेगळा अर्थ देणे हा आज्ञा रचणाऱ्याचा अविचार होता, आणि इतक्या वर्षांनंतर तो बदलता येत नाही, कारण बदलला तर आज योग्य चाललेल्या असंख्य व्यवस्था एका रात्रीत आठपट आखडतील.

रांग मोठी असली म्हणजे कोणाचे पॅकेट फेकून द्यावे लागणार नाही, म्हणून मोठी रांग चांगली, हा समज या शास्त्रात फार जुना आहे, आणि त्याचे खंडनही तितकेच जुने आहे. १९८५ च्या डिसेंबरात जॉन नेगल या अमेरिकन अभियंत्याने अशा जालाचा विचार मांडला की ज्याच्या प्रत्येक चौकीपाशी अमर्याद साठवण आहे. आणि त्याने दाखवून दिले की असे जाल सुरक्षित राहण्याऐवजी कोलमडते, कारण प्रत्येक पॅकेट रांगेत इतका काळ खोळंबते की त्याची मुदत बाहेर पडण्यापूर्वीच संपून जाते, आणि मग जाल केवळ मृत पॅकेटांची ने-आण करीत बसते. पुढच्याच वर्षी, १९८६ च्या ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियात बर्कली येथील विद्यापीठ आणि तेथीलच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा, या केवळ चारशे यार्ड अंतरावरच्या दोन स्थानांमधील वेग सेकंदाला बत्तीस हजार बिटांवरून चाळीस बिटांवर घसरला. हजारांवरून दहांवर. व्हॅन जेकबसन यांनी त्या अरिष्टाच्या अभ्यासातून पाठविणाऱ्याने स्वतःच आपला वेग कसा आवरावा याचे नियम बसविले, आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेले ते नियम इंटरनेटच्या स्थैर्याचा पाया ठरले. परंतु त्या नियमांची एक अट आहे: रांग भरली की पॅकेट गळाले पाहिजे, आणि ते वेळेवर गळाले पाहिजे, कारण पाठविणाऱ्याला मिळणारा इशारा तो गळण्याचाच.

स्मृतीचे भाव उतरत गेले तसतशी ही अट विसरली गेली. लिनक्समध्ये जालाच्या कार्डापाशी हजार पॅकेटांची रांग ठेवण्याचा प्रघात पडला. दीड हजार बाइटांची हजार पॅकेटे म्हणजे एक कोटी वीस लाख बिट. हजार मेगाबिटांच्या तारेवर ती बारा सहस्रांश सेकंदात निघून जातात, आणि एक मेगाबिटाच्या तारेवर त्यांना बारा सेकंद लागतात. एकच आकडा एका ठिकाणी निरुपद्रवी आणि दुसऱ्या ठिकाणी घातक. २०१० साली जिम गेटिस या अभियंत्याला आपल्या घरच्या जोडणीवर मोठी फाइल पाठवीत असताना एक सेकंदाहून अधिक विलंब दिसला, आणि त्याचा छडा लावता लावता त्यांच्या ध्यानात आले की हा आपल्या घरापुरता बिघाड नसून सर्व जगातील उपकरणांत भरून राहिलेला दोष आहे. त्यांनी त्याला ‘बफरब्लोट’, म्हणजे साठवणीची सूज, असे नाव दिले. २०१२ च्या मे महिन्यात कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. तिची थोरवी अशी की ती रांगेची लांबी मोजतच नाही. पॅकेट रांगेत किती काळ उभे होते एवढेच ती मोजते, आणि हा काळ शंभर सहस्रांश सेकंदांच्या अवधीत एकदाही पाच सहस्रांशांच्या खाली आला नाही तर ती पॅकेट गाळू लागते. लांबीऐवजी काळ मोजल्यामुळे तारेचा वेग कितीही असला तरी तोच नियम लागू पडतो. एरिक ड्युमाझे यांनी ती लगोलग लिनक्समध्ये आणली आणि त्याच वर्षीच्या ३.५ या आवृत्तीत ती प्रसिद्ध झाली. इतका विस्तार करण्याचे कारण एवढेच की पॅकेट गळाल्याचा आकडा पाहून घाबरणारे तपासनीस आजही पुष्कळ आहेत; वेगाला आवर घालणाऱ्या रांगेत गळती शून्य असेल तर तिच्याविषयी अधिक शंका घ्यावी.

आता छाननीतील चुका. पॅकेट कोणत्याच नियमात बसले नाही तर त्याचे काय करावे, याचे उत्तर एचटीबीला आधीच द्यावे लागते. ते दिले नाही तर अशी पॅकेटे कोणत्याही मर्यादेविना थेट बाहेर सोडली जातात, आणि त्यांची संख्या तपशिलात एका वेगळ्या खात्यात मुकाट्याने वाढत राहते. ते खाते उघडून पाहण्याची सवय ज्याला नाही त्याने तासन्‌तास नियम तपासले तरी त्याला काही सापडत नाही, कारण नियम बरोबरच असतात, फक्त पॅकेटे त्यांच्यापाशी येत नाहीत. याच्या उलट बाजूची चूक अधिक फसवी आहे. उरलेल्या सर्वांसाठी एक अरुंद वर्ग ठेवला, आणि नियम फक्त आयपी पॅकेटांसाठी लिहिले, तर शेजारच्या यंत्राचा पत्ता विचारणारी एआरपीची चिमुकली पॅकेटे त्या अरुंद वर्गात इतर गर्दीच्या मागे जाऊन उभी राहतात. ती वेळेवर पोहोचली नाहीत की शेजारी आहे हेच कर्नल विसरतो आणि चालू असलेली सर्व संभाषणे काही क्षण खंडित होतात. मग पत्ता पुन्हा मिळतो आणि सर्व सुरळीत होते. अनियमित अंतराने होणाऱ्या अशा खंडाचे खापर प्रत्येक जण तारेवर फोडतो.

पॅकेटांची पाहणी करण्यासाठी टीसीपीडंप नावाचे साधन सर्रास वापरले जाते, आणि ते उत्तम आहे. पण त्याची साक्ष घेताना साक्षीदार कोठे उभा होता हे विचारले पाहिजे. बाहेर जाणाऱ्या पॅकेटांच्या बाबतीत तो रांगेच्या पलीकडे, कार्डाच्या अलीकडे उभा असतो. म्हणून रांगेत गळालेले पॅकेट त्याला दिसतच नाही. आत येणाऱ्यांच्या बाबतीत, त्यांच्या वेगावर पहारा बसविलेला असेल तर, तो त्या पहाऱ्याच्याही आधी उभा असतो. म्हणून पुढे गाळले गेलेले पॅकेट त्याच्या जबानीत सुखरूप पोहोचलेले असते. शिवाय तो कधी कधी चौसष्ट हजार बाइटांची पॅकेटे पाहिल्याचे सांगतो, आणि तेही खोटे नसते. काम वाचविण्यासाठी कर्नल अनेक पॅकेटांचा एक गठ्ठा बांधून खाली देतो आणि तो गठ्ठा अगदी शेवटी, बहुधा कार्डातच, सोडला जातो. वेगवान तारेवर ही युक्ती मोलाची आहे. परंतु एक मेगाबिटाच्या तारेवर असा एक गठ्ठा बाहेर पडायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि तोवर बोलण्याचे पॅकेट, त्याला कितीही अग्रक्रम असला तरी, त्याच्या मागे खोळंबून राहते. घड्याळाचा दोष याच कुळातला. जुन्या कर्नलचा काळ सेकंदाला शंभर ठोक्यांनी चालत असे. म्हणजे टोकने जमा झाली की नाही हे दर दहा सहस्रांश सेकंदांनीच पाहता येई. दहा मेगाबिटांचा वेग गाठायचा तर एका ठोक्याला साडेबारा हजार बाइटांची शिल्लक साठविण्याची मुभा हवी. ती मुभा त्याहून कमी ठेवली की वेग कमी भरे आणि कारण कोठेच दिसत नसे. २००७ सालच्या २.६.२१ या आवृत्तीत सूक्ष्म घड्याळे आली आणि हा दोष बहुतांशी मागे पडला.

येथवर पाहिलेले दोष बहुधा वापरणाऱ्याच्या हातचे. कर्नलच्या स्वतःच्या संहितेत झालेल्या दोन चुका मात्र मला सविस्तर सांगाव्याशा वाटतात.

पहिली हिशेबाच्या नाण्याची. पॅकेटाला किती टोकने पडतात याचे कोष्टक पूर्वी कर्नल स्वतः करीत नसे. टीसी ही आज्ञा बाहेरच २५६ घरांचे कोष्टक तयार करून कर्नलच्या हाती देई, आणि कर्नल त्यात पाहून खर्च टाकी. दीड हजार बाइटांच्या पॅकेटांना एवढी घरे पुरत. चौसष्ट हजार बाइटांचे गठ्ठे आले तेव्हा प्रत्येक घरात २५६ बाइटांचे अंतर पडू लागले, आणि पाच गिगाबिटांची मर्यादा घातली असता प्रत्यक्षात सुमारे ५.८ गिगाबिट बाहेर पडतात असे दिसून आले. म्हणून २०१३ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या ३.८ या आवृत्तीत कोष्टक बाजूला ठेवून कर्नलने प्रत्येक पॅकेटाचा काळ नॅनोसेकंदांत स्वतः मोजावा अशी सुधारणा झाली. सुधारणा योग्य होती, तिचा युक्तिवाद निर्दोष होता, आणि वेगवान यंत्रांवर ती अचूक ठरली.

परंतु त्या कोष्टकात वेगाशिवाय आणखी एक गोष्ट गुंफलेली होती, आणि ती कर्नलला कधीच सांगितलेली नव्हती. दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरील एडीएसएल जोडण्यांत पॅकेटे जशीच्या तशी जात नाहीत. ५३ बाइटांच्या ठरीव कप्प्यांतून जातात, ज्यांत मजकुराला ४८ बाइटच असतात, आणि शेवटचा कप्पा अर्धा रिकामा असला तरी भाडे पूर्ण पडते. दीड हजार बाइटांचे पॅकेट आठ बाइटांच्या जोडपत्रासह बत्तीस कप्पे घेते, म्हणजे तारेवर १,६९६ बाइट. चाळीस बाइटांची नुसती पोच जोडपत्रासह नेमकी एका कप्प्यात बसते. तिच्यावर आणखी काही बाइटांचे वेष्टन चढले की तिला दुसरा कप्पा लागतो, आणि चाळीस बाइटांचे तारेवर १०६ होतात. हा सारा हिशेब टीसी आपल्या कोष्टकातच करून ठेवीत असे. कोष्टक बाद झाले तेव्हा तोही बाद झाला. आज्ञा पूर्वीप्रमाणेच स्वीकारली जाई, तपशिलात सर्व यथास्थित दिसे, फक्त कर्नल आता बाइटांत मोजीत होता आणि तार कप्प्यांत. आणि या दोहोंतील फरक जेथे साठत होता ती जागा तीच, मोडेमचे पोट. ज्यांच्या हाती गिगाबिटांच्या तारा होत्या त्यांना हे दिसण्याचा संभव नव्हता. दिसले ते मंद तारांवर अवलंबून असणाऱ्यांना.

दुरुस्ती त्याच वर्षी झाली. येस्पर डांगार्ड ब्राउअर या डॅनिश अभियंत्याने, ज्याने विद्यार्थिदशेत एडीएसएलच्या याच हिशेबावर प्रबंध लिहिला होता, कप्प्यांचे गणित कर्नलमध्ये आणले. अडचण एवढीच उरली की जुनी टीसी वापरणारे लोक कर्नलला तारेचा प्रकार कळवू शकत नव्हते, कारण त्या आज्ञेत तशी सोयच नव्हती. यावर काढलेली तोड मला फार आवडते. जुनी टीसी कोष्टक अजूनही पाठवीत होती. ते बाद झाले असले तरी वाचता येत होते. कप्प्यांच्या तारेसाठी केलेल्या कोष्टकात खर्च जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढतो: अठ्ठेचाळीस बाइटांपर्यंत सपाट, मग एकदम वर, पुन्हा सपाट. साध्या तारेच्या कोष्टकात तो उतारासारखा अखंड चढतो. कर्नल त्या कोष्टकातील अशी दोन घरे ताडून पाहतो की जी एकाच पायरीवर पडावीत. दोन्हींत खर्च सारखा असेल तर तार कप्प्यांची आहे असे तो समजतो. जुन्या दप्तरातील आकड्यांच्या चढणीवरून लिहिणाऱ्याचा हेतू ओळखावा, तसे हे आहे.

दुसरी चूक दोन कारकुनांची. रांगेच्या वहीला एकच कुलूप असल्यामुळे अनेक प्रोसेसर असलेल्या यंत्रांत प्रत्येकाला त्या कुलपापाशी थांबावे लागे. २०१८ च्या वसंतात आलेल्या ४.१६ या आवृत्तीत साध्या रांगेचे ते कुलूप काढण्यात आले: पॅकेट रांगेत ठेवण्यासाठी कोणालाही थांबायला नको, केवळ रांग रिकामी करण्याचा अधिकार एका वेळी एकाकडे असावा, आणि अधिकार दुसऱ्याकडे आहे असे दिसले तर पॅकेट ठेवून निघून जावे, तो पाहून घेईल. यात काळाची एक इतकी बारीक फट राहिली की ती तीन वर्षे बुजली नाही. पहिला प्रोसेसर रांग पाहतो, ती रिकामी आहे, तो अधिकार सोडण्याच्या बेतात आहे. नेमक्या त्या क्षणी दुसरा येतो, पॅकेट ठेवतो, अधिकार अजून पहिल्याकडेच आहे असे पाहतो आणि निश्चिंतपणे निघून जातो. पहिला अधिकार सोडतो. पॅकेट रांगेत एकटे उरते, आणि पुढचे कोणी त्या वाटेने येईपर्यंत तसेच राहते.

या दोषाचे दुष्टपण असे की भार जितका अधिक तितका तो अदृश्य. जोराच्या रहदारीत पुढचे पॅकेट क्षणार्धात येते आणि अडकलेल्याला सोबत घेऊन जाते. जेथे एकेकटे पॅकेट जाते, एखादे यंत्र अधूनमधून ‘मी आहे’ एवढेच कळविते, तेथे ते अडकून पडते आणि पलीकडचा त्याला मृत समजतो. परीक्षा मात्र नेहमी जोराच्या रहदारीनेच घेतल्या जातात. अधिक माहितीसाठी संहितेत नोंदी छापण्याची सोय करावी, तर छापण्याला लागणाऱ्या वेळानेच ती फट हलते आणि दोष नाहीसा होतो. २०२१ च्या मे महिन्यात जी दुरुस्ती दाखल झाली ती अशी: अधिकार न मिळाल्यास येणाऱ्याने नुसते निघून जाऊ नये, ‘चुकामूक झाली’ अशी खूण ठेवावी आणि खूण ठेवल्यावर पुन्हा एकदा अधिकार मागून पाहावा; आणि सोडणाऱ्याने सोडल्यानंतर ती खूण पाहावी, असेल तर रांगेकडे परत यावे. दोघांनीही दोनदा पाहणे, एवढाच तो उपाय.

अशा दोषांचा माग काढताना, जुन्या आवृत्तीत दोष नव्हता आणि नव्या आवृत्तीत आहे एवढे जर खात्रीने सांगता आले, तर अर्धे काम झाले असे समजावे. दोन आवृत्तींमध्ये दहा-बारा हजार बदल असतात. परंतु मधला बदल घेऊन परीक्षा करावी, मग उरलेल्या निम्म्यातला मधला, असे करीत गेले तर चौदा परीक्षांत नेमका बदल हाती येतो. अट एकच, की दोष हुकमी घडवून दाखविता आला पाहिजे; आणि तो घडवून दाखविण्याची परिस्थिती, मंद तार, एकाकी पॅकेट, कप्प्यांचा हिशेब, पुष्कळदा कर्नल लिहिणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत नसते, वापरणाऱ्याच्या घरी असते.

म्हणून वाचकाला एक विनंती. आपली जोडणी मोकळी असताना पिंगला किती वेळ लागतो आणि एखादी मोठी फाइल वर पाठवीत असताना किती लागतो, हे आज मोजून पाहा. दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट निघाला आणि आपल्या राउटरची रांग रिकामी दिसली, तर मर्यादा थोडी उतरवून पाहा. आणि तरीही समाधान झाले नाही तर दोन्ही आकडे, कर्नलची आवृत्ती, तारेचा प्रकार आणि बॅकलॉगची नोंद, एवढे लिहून ती संहिता सांभाळणाऱ्यांकडे पाठवा.